चौथा सर्व्हर आला, पण जागा का वाढेना?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीन नोडचा (सर्व्हरचा) ओव्हर्ट-ग्लस्टर क्लस्टर चालू आहे: ओव्हर्ट व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) चालवतं, ग्लस्टर त्यांच्या डिस्क सगळ्या सर्व्हरांवर मिळून साठवतं. प्रत्येक नोडवर ६ टीबीची एक ब्रिक (ग्लस्टरला दिलेली डिस्कची जागा), रेप्लिका ३ (डेटाच्या तीन प्रती), शार्डिंग (मोठ्या फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे, म्हणजे शार्ड, करून ठेवणं) चालू, स्टोरेजसाठी वेगळं १० गिगाबिटचं नेटवर्क. ‘डेटा’ नावाचा व्हॉल्यूम (ब्रिक मिळून बनलेला साठा) ८४ टक्के भरलाय. ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), ड्रॉइंग ठेवायचा फाइल सर्व्हर, हजेरी, सगळं त्याच्यावरच. जुन्या सर्व्हरांत काही डिस्क-बे रिकामे आहेत. व्यवस्थापनाने त्याच मॉडेलचा, ६ टीबीचा चौथा सर्व्हर घेऊन दिला. तो पूलमध्ये (ग्लस्टरच्या नोडच्या गटात) आला, पण त्याची ब्रिक व्हॉल्यूमला जोडायला गेलं की ग्लस्टर ‘ब्रिकची संख्या चुकीची’ म्हणून नकार देतं. कमांडमध्ये रेप्लिका ४ लिहून पुढे जाऊ का, की आणखी दोन सर्व्हर येईपर्यंत थांबू?

रेप्लिका ४ लिहू नका. ती कमांड चालते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ग्लस्टर निमूटपणे चौथ्या नोडवर तोच डेटा चौथ्यांदा लिहायला घेईल, हील (मागे राहिलेली प्रत पूर्ण करणं) सुरू होईल, पाच टीबी नेटवर्कवरून वाहतील आणि सगळं आटोपल्यावर डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) लावून बघाल तर व्हॉल्यूम होता तेवढाच, ६ टीबी. वर प्रत्येक राइट आता तीनऐवजी चार ठिकाणी जाणार. ओव्हर्टलाही हे रुचत नाही. त्याच्या हिशेबात प्रतींची संख्या १ किंवा ३, दुसरी नाही. कुणी आधीच हा उद्योग करून बसलं असेल तर रिमूव्ह-ब्रिक करताना रेप्लिका ३ असं स्पष्ट लिहून, फोर्स लावून ती चौथी प्रत काढता येते. मात्र आधी हीलची यादी शून्यावर आहे याची खात्री करा.

ग्लस्टर नकार का देतं ते नीट समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. रेप्लिका ३ व्हॉल्यूममध्ये जागेचं एकक नोड नसून तीन ब्रिकचा संच असतो. हा संच म्हणजे एकच डेटा तीनदा. क्षमता वाढवायची तर दुसरा पूर्ण संच जोडायचा. मग फाइली (तुमच्याकडे शार्ड) दोन संचांत विभागल्या जातात. म्हणून ब्रिक जोडताना त्या तीनच्या पटीत द्याव्या लागतात, आणि या पद्धतीचे क्लस्टर ३, ६, ९, १२ असे वाढतात. एका संचातल्या तीन ब्रिक तीन वेगवेगळ्या नोडवर असल्या पाहिजेत. पण ‘नोड तीनच्या पटीत हवेत’ असा त्याचा अर्थ होत नाही. पटीत हव्यात त्या ब्रिक. हा फरक बहुतेक जण सोडून देतात आणि परचेस डिपार्टमेंटकडे उगाचच आणखी दोन सर्व्हरांची फाइल पाठवतात.

चार नोडवर तीन प्रती बसवायच्या तर साखळी करतात. समजा प्रत्येक नोडचे ६ टीबी आपण २ टीबीच्या तीन ब्रिकमध्ये वाटले. एकूण बारा ब्रिक, म्हणजे चार संच. पहिला संच नोड १-२-३ वर, दुसरा २-३-४ वर, तिसरा ३-४-१ वर, चौथा ४-१-२ वर. प्रत्येक नोड तीन संचांत येतो, कुठल्याही संचात एकच नोड दोनदा येत नाही, आणि वापरायची जागा २४ भागिले ३, म्हणजे ८ टीबी. कागदावर छान. तुमच्याकडे मात्र प्रत्येक नोडवर ६ टीबीची एकच अखंड ब्रिक आहे, तिच्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आहे, आणि एक्सएफएस वाढतं, आकसत नाही. म्हणजे ब्रिक तोडायची तर नोड रिकामा करून पुन्हा फॉरमॅट, मग हील, मग पुढचा नोड. तेवढा वेळ क्लस्टर दोनच प्रतींवर चालणार. २ टीबी वाढवण्यासाठी एवढी जोखीम मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही. पहिल्याच दिवशी क्लस्टर उभा करताना लहान ब्रिक केल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. नवीन क्लस्टर उभारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: एका नोडवर एक अजस्र ब्रिक करण्यापेक्षा दोन-तीन मध्यम ब्रिक करा, पुढे हात मोकळे राहतात.

आता तुमच्या केसमध्ये मी काय करेन ते सांगतो, आणि मग इतर वाटा.

पहिल्यांदा काहीही न जोडता ८४ टक्क्यांतून किती खाली येता येतं ते बघा. ओव्हर्टमध्ये जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) पडून असतात. अपग्रेडच्या आधी ‘असू दे’ म्हणून घेतलेला स्नॅपशॉट वर्षभराने मूळ डिस्कएवढा झालेला असतो. स्टोरेज डोमेनमध्ये (ओव्हर्टला साठा म्हणून दाखवलेल्या व्हॉल्यूममध्ये) कुठल्याच व्हीएमला न जोडलेल्या डिस्क शोधा. थिन डिस्कवर (जी लागेल तशीच जागा घेते) आतल्या फाइली पुसल्या तरी बाहेर जागा परत मिळत नाही, त्यासाठी व्हीएम बंद ठेवून त्या डिस्कवर स्पार्सिफाय चालवा. फाइल सर्व्हरच्या डिस्कवर याचा फायदा बहुधा सर्वात जास्त दिसेल. हे सगळं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उरकतं.

ही साफसफाई करायची ती फक्त काटकसर म्हणून नव्हे. ८४ टक्के हा आकडा रेप्लिका व्हॉल्यूमवर दिसतो त्यापेक्षा अधिक अवघड असतो. ओव्हर्ट मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली की इशारा देतं, आणि डीफॉल्टप्रमाणे ५ जीबीच्या खाली गेली की नवीन डिस्क, स्नॅपशॉट वगैरे कामं अडवतं. पण आधीपासून चालू असलेल्या थिन डिस्क वाढतच राहतात. जागा संपली की व्हीएम पॉज होतात, आणि एक नाही, ज्याला ज्याला लिहायचंय तो प्रत्येक. ग्लस्टरची १० टक्के मोकळी ठेवायची सेटिंग आहे खरी, पण ती नव्या फाइली कुठल्या संचात टाकायच्या एवढंच ठरवते. तुमच्याकडे संच एकच असल्यामुळे तिचा उपयोग शून्य.

दुसरं, आणि हा माझा मुख्य सल्ला: ‘डेटा’ व्हॉल्यूम वाढवू नका. नवा व्हॉल्यूम करा. चौथ्या नोडवर ६ टीबीची ब्रिक आहेच. जुन्यापैकी एका नोडच्या रिकाम्या बेमध्ये तेवढ्याच क्षमतेच्या डिस्क घाला. समजा नोड १ मध्ये. मग नोड ४ आणि नोड १ वर पूर्ण डेटाच्या ब्रिक आणि नोड २ वर छोटी आर्बिटर ब्रिक असा तीन ब्रिकचा व्हॉल्यूम करा. ओव्हर्टला तो ‘डेटा-२’ म्हणून वेगळं स्टोरेज डोमेन दाखवा आणि निवडक व्हीएमच्या डिस्क तिकडे हलवा. हे हलवणं व्हीएम चालू असतानाही होतं. त्यासाठी ओव्हर्ट त्या दरम्यान एक स्नॅपशॉट घेतं, म्हणून एका वेळी एकच डिस्क हलवा आणि जुन्या डोमेनवर तेवढी श्वास घ्यायला जागा ठेवा. खर्च एका नोडच्या डिस्कचा, आणि हाती नवे ६ टीबी. दोन सर्व्हर घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आर्बिटर म्हटलं की लोक बिचकतात, ‘तिसरी प्रत नाही म्हणजे सुरक्षितता अर्धी’ वगैरे. आर्बिटर ब्रिकवर फाइलींची नावं आणि मेटाडेटा (फाइलींबद्दलची माहिती) असतो, आतला मजकूर नसतो. फाइल शून्य बाइटची. दोन डेटा ब्रिकचं एकमेकांशी पटेनासं झालं की खरी प्रत कोणाची हे ती ठरवते, म्हणून स्प्लिट-ब्रेन (दोन प्रतींचा न मिटणारा वाद) टळतो. नुसत्या रेप्लिका २ वर जाऊ नका, त्यात हीच सोय नाही. मात्र एक मर्यादा खरी आहे. डेटाच्या प्रती दोनच. नोड १ दुरुस्तीला गेला असताना नोड ४ ची डिस्क गेली तर डेटा गेला. म्हणून ‘डेटा-२’ वर ईआरपीचा डेटाबेस ठेवू नका. फाइल सर्व्हर, चाचणीच्या व्हीएम, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असलं तर ते, हे तिकडे न्या. ईआरपी जुन्या तीन प्रतींच्या व्हॉल्यूमवर, आता ऐसपैस जागेत, राहू द्या.

आर्बिटरला किती जागा द्यायची याचा हिशेब शार्डमुळे बदलतो. डीफॉल्ट शार्ड ६४ एमबीचा. १ टीबी म्हणजे १६,३८४ शार्ड, तेवढ्याच शून्य बाइटच्या फाइली. प्रत्येकीला ४ केबी धरले तर १ टीबीमागे ६४ एमबी. सहा टीबीला ४०० एमबीसुद्धा लागत नाहीत. तरी मी एसएसडीवरचा २०-३० जीबीचा एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) भाग देतो. मेटाडेटाचे राइट तिथेही होतात, आणि ती ब्रिक मंद डिस्कवर असली तर अख्खा व्हॉल्यूम मंद होतो. शार्ड ४ एमबीचा ठेवलेले जुने क्लस्टर अजून सापडतात. तिथे फाइलींची संख्या सोळापट होते, आयनोड (फाइल सिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) मोजूनच पुढे जा. आणि एक सूचना, कितीही वेळा सांगितली तरी कमीच: डेटा असलेल्या व्हॉल्यूमवर शार्डिंग बंद करू नका, शार्डचा आकारही मध्येच बदलायला जाऊ नका. बंद केलंत की व्हीएमच्या डिस्कचे पहिले ६४ एमबीच ‘फाइल’ म्हणून उरतात, बाकी सगळं लपलेल्या शार्ड फोल्डरमध्ये अनाथ.

‘वाढवू नका, नवा करा’ असं का म्हणतो, याचं कारण याच शार्डिंगमध्ये आहे. समजा उद्या खरंच आणखी दोन सर्व्हर आले, तुम्ही सहा नोड आणि दोन संचांचा एकच मोठा व्हॉल्यूम केलात आणि रिबॅलन्स (जुना डेटा नव्या-जुन्या संचांत पुन्हा वाटणं) लावलं. प्रत्येक शार्डचं नाव हॅश होऊन (नावावरून एक आकडा काढला जाऊन) तो या किंवा त्या संचात जातो. म्हणजे एका व्हीएमची एकच डिस्क दोन्ही संचांत पसरते. आता एका संचातले दोन नोड एकदम गेले तर ‘अर्ध्या व्हीएम बंद, अर्ध्या चालू’ असं होत नाही. जवळजवळ प्रत्येक व्हीएमचा काही ना काही भाग त्या संचात असतो, त्यामुळे सगळ्याच अडकतात. दोन वेगळे व्हॉल्यूम असते तर खरोखर अर्ध्याच अडकल्या असत्या, आणि कोणत्या अर्ध्या हे तुम्ही ठरवलेलं असतं. एकाच मोठ्या व्हॉल्यूमचा फायदा एवढाच की जागेचं वाटप हाताने करावं लागत नाही. वीस-पंचवीस व्हीएमच्या कारखान्यात ते हाताने करणं जड नाही.

रिबॅलन्सचा जुना इतिहासही आहे. शार्ड केलेला व्हॉल्यूम वाढवून रिबॅलन्स केल्यावर व्हीएमच्या इमेज खराब होण्याच्या तक्रारी होत्या, आणि ग्लस्टर ३.१० मालिकेच्या प्रकाशन-टिपांमध्ये तशी सूचना छापलेली होती. ते नंतर दुरुस्त झालं. पण आजही मी चालू व्हीएमवर रिबॅलन्स लावण्याआधी ताजा बॅकअप घेऊन एक व्हीएम त्यातून प्रत्यक्ष उभी करून बघतो. ज्यांना वाढवावंच लागणार आहे त्यांनी क्रम असा ठेवावा: सगळ्या नोडवर ग्लस्टरची एकच आवृत्ती आणि क्लस्टरची ऑप-व्हर्जन (सगळे नोड मिळून वापरतात ती सुविधांची पातळी) त्याप्रमाणे वर नेलेली, हील यादी शून्य, मग ब्रिक जोडणं, मग रिबॅलन्स, त्याचा वेग ठरवणारा थ्रॉटल ‘लेझी’वर, म्हणजे सर्वात संथ. नुसतं फिक्स-लेआउट (डेटा न हलवता फक्त वाटपाचा नकाशा बदलणं) केलं तर जुना डेटा जागेवर राहतो आणि नवे शार्ड दोन्हीकडे जाऊ लागतात. पण जुना संच ८४ टक्के भरलेला असताना फिक्स-लेआउटवर थांबणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं, कारण नव्या शार्डपैकी निम्मे अजूनही त्याच भरलेल्या संचाकडे येतात. आणि फिक्स-लेआउटसुद्धा न करता सोडून दिलंत तर शार्डचं जुनं फोल्डर नव्या ब्रिकना ओळखतच नाही. तीन सर्व्हरांवर नुसते पंखे फिरत राहतात. सिन्नरच्या एका युनिटमध्ये मी नेमकं हेच पाहिलं. नवे नोड जोडून कितीतरी महिने झालेले, बिल चुकतं केलेलं, आणि ब्रिक जवळजवळ कोऱ्या.

तिसरी वाट म्हणजे आहेत त्याच ब्रिक मोठ्या करणं. तिन्ही जुन्या नोडमध्ये सारख्या डिस्क घालायच्या, एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप वाढवायचा, लॉजिकल व्हॉल्यूम वाढवायचा, मग एक्सएफएस वाढवायचं. हे चालू स्थितीत होतं, नोड बंद करावा लागत नाही, हील नाही, रिबॅलन्स नाही. यातली अट एकच: तिन्ही ब्रिक सारख्या वाढवा, कारण संचाची क्षमता त्यातल्या सर्वात लहान ब्रिकएवढीच मोजली जाते. खाली थिन पूल (लागेल तशी जागा देणारा एलव्हीएमचा साठा) असेल तर नुसता पूल नाही, त्याचा मेटाडेटाही वाढवायला विसरू नका. तो भरला की पूल रीड-ओन्ली होतो आणि डेटाची जागा रिकामी असूनही सगळं थांबतं. बजेट तीन नोडच्या डिस्कचं असेल आणि तुम्हाला तीन पूर्ण प्रती हव्या असतील, तर हा मार्ग नव्या व्हॉल्यूमपेक्षाही सरळ आहे. मग चौथ्या सर्व्हरचं काय? त्यावर पुढे येतो.

त्याआधी कोरम, म्हणजे काम चालू राहायला किमान किती नोड किंवा ब्रिक जिवंत हवेत तो आकडा. चौथा नोड तुम्ही पूलमध्ये घेतलाच आहे, तेव्हा हे आजच तपासा. सर्व्हर-कोरम चालू असेल तर तो पूलमधल्या सगळ्या नोडवर मोजला जातो, त्या व्हॉल्यूममध्ये त्यांची ब्रिक असो वा नसो. निम्म्याहून जास्त नोड जिवंत हवेत. तिनात दोन लागत होते, म्हणजे एक गेलेला चालत होता. चारात तीन लागतात, म्हणजे अजूनही एकच गेलेला चालतो. पण आता बंद पडू शकणारी यंत्रं चार आहेत. उद्या तुम्ही चौथा सर्व्हर रॅम टाकायला उघडा ठेवलात आणि त्याच वेळी नोड २ रीबूट झाला, तर जुन्या व्हॉल्यूमच्या दोन ब्रिक ठणठणीत असूनही ग्लस्टर त्या बंद करेल आणि व्हीएम पॉज होतील. रिकामा, काहीच न साठवणारा नोड पूलमध्ये नुसता बसवून ठेवणं म्हणूनच चांगलं नाही. वापरायचा नसेल तर पूलमधून काढा. कम्प्यूट नोड (फक्त व्हीएम चालवणारा) म्हणून ओव्हर्टमध्ये तो ग्लस्टर पूलशिवायही राहू शकतो. सहा नोडना चार लागतात, तिथे कुठे दोन गेलेले चालतात, आणि तेही एकाच संचातले नसतील तर. कारण क्लायंट-कोरम प्रत्येक संचाला स्वतंत्रपणे लागू होतो, संचातल्या तीनपैकी दोन ब्रिक हव्याच.

नेटवर्कबद्दलही लोक गाफील असतात. ग्लस्टरमध्ये प्रती बनवायचं काम क्लायंट करतो, म्हणजे व्हीएम ज्या नोडवर चालते तोच नोड तिन्ही ब्रिकना स्वतः लिहितो. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये त्यातली एक ब्रिक घरचीच असते, वायरवरून दोनच प्रती जातात. १० गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १,२५० एमबी. दोन प्रतींमध्ये वाटले तर राइटचा वेग जास्तीत जास्त ६२५ च्या आसपास. आता चौथ्या नोडवर व्हीएम चालवा आणि तिची डिस्क जुन्या व्हॉल्यूमवर ठेवा: तिन्ही प्रती वायरवरून, कमाल ४१५. नोड वाढवला आणि व्हीएम हळू झाली, या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. यावर उपाय म्हणजे ईआरपीसारख्या जड राइटच्या व्हीएम जिथे त्यांची ब्रिक आहे त्याच नोडशी अ‍ॅफिनिटीने बांधून ठेवणं. चौथ्या नोडवर वेब सर्व्हर, डोमेन कंट्रोलर असल्या हलक्या व्हीएम. जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पाकिटं) लावल्या असतील तर नव्या नोडच्या स्विच पोर्टवरही लावल्यात का ते ८,९७२ बाइटचा, तुकडे न करता जाणारा पिंग मारून बघा. छोटे पिंग जातात, सगळं हिरवं दिसतं, आणि हील मात्र अडखळत राहतं.

नोड जोडतानाच्या किरकोळ पण घात करणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. चौथा सर्व्हर जुन्या नोडच्या इमेजवरून क्लोन केला असेल तर ग्लस्टरचा यूयूआयडीही क्लोन झालेला असतो. तो पुसून नवा होऊ द्या, नाहीतर एकाच ओळखीचे दोन नोड पूलमध्ये वावरतात. पीअर (पूलमधला दुसरा नोड) जोडताना व्यवस्थापनाच्या नेटवर्कचं नाव न देता स्टोरेज नेटवर्कचं नाव द्या. ब्रिक माउंट पॉइंटवर थेट न करता आत एक फोल्डर करून त्यात करा, म्हणजे डिस्क माउंट झाली नाही तर ब्रिक सुरूच होणार नाही. नाहीतर ग्लस्टर आनंदाने रूट पार्टिशनवर लिहीत सुटतं. एक्सएफएस करताना आयनोड ५१२ बाइटचा. ५१२ बाइट सेक्टरच्या आणि ४ के नेटिव्ह डिस्क एका संचात मिसळू नका. नव्या व्हॉल्यूमला ‘व्हर्ट’ गट (व्हीएमसाठीच्या सेटिंगची तयार यादी) लावायला विसरलात तर शार्डिंगसकट बऱ्याच सेटिंग राहून जातात, तेव्हा व्हॉल्यूमवर पहिला बाइट लिहिण्याआधीच तो लावा. हो, आणि ओव्हर्टच्या इंजिनचा (सगळ्याचं व्यवस्थापन करणाऱ्या व्हीएमचा) व्हॉल्यूम पहिल्या तीन नोडवर आहे तसाच ठेवा. त्याला वाढवायची कधीच गरज पडत नाही.

हीलला किती वेळ लागतो याचा अंदाज आधीच काढून ठेवा. एक नोड पूर्ण बदलावा लागला आणि ५ टीबी परत लिहायचे असतील, फिरत्या डिस्क सेकंदाला २०० एमबीने घेत असतील, तर २५,००० सेकंद म्हणजे जवळपास सात तास, तेही दुसरं काही चालू नसताना. दिवसाच्या कामात दुप्पट धरा. या काळात तुम्ही दोन प्रतींवर असता. म्हणून पॅचिंग करताना एका नोडचं हील शून्यावर आल्याशिवाय दुसरा रीबूट करायचा नाही, मग ओव्हर्टच्या स्क्रीनवर तो ‘अप’ दिसत असला तरी. आणि डिस्क गेल्यावर नवी कधी येते? नाशकात सर्व्हरची नेमकी एंटरप्राइज डिस्क काउंटरवर मिळेलच असं नाही; ती मुंबईहून कसारा घाट चढून किंवा पुण्याहून येणार. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहरात गाडी कुठून कशी शिरेल ते वेगळंच. त्याच मॉडेलच्या दोन डिस्क कपाटात ठेवा. सगळ्या प्रतींना वीज एकाच यूपीएसमधून येते का हेही बघा. एमआयडीसीत वीज गेल्यावर जनरेटर लागेपर्यंतची काही सेकंदं एकाच जुन्या यूपीएसवर असतील तर तीन प्रतींचा काही उपयोग नाही, तिन्ही एकदमच पडतील. चौथा सर्व्हर किमान वेगळ्या यूपीएसवर ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये त्या खोलीचा एसी चार मशिनची उष्णता पेलतो का तेही आत्ताच तपासा.

‘हे सगळं सोडून सेफवर जावं का?’ हा पुढचा प्रश्न येणारच. सेफ या ग्लस्टरसारख्याच दुसऱ्या साठा-व्यवस्थेला चौथा नोड चौथा नोड म्हणून घेता येतो, तीनच्या पटीची अट नाही. क्रश हा तिचा वाटपाचा अल्गोरिदम डेटा स्वतः चारही नोडवर पसरवतो. २४ टीबी कच्चे, भागिले ३, म्हणजे ८. पण इथेही कागदावरचा आकडा फसवतो. सेफ ८५ टक्क्यांना ‘निअर-फुल’ची तक्रार करतं आणि ९५ ला लिहिणं थांबवतं. शिवाय एक नोड गेल्यावर उरलेल्या तिघांवर सगळ्या प्रती पुन्हा बनाव्यात असं वाटत असेल, आणि चौथा नोड घेण्याचं खरं कारण तेच असतं, तर हिशेब १८ टीबीवर करायचा: भागिले ३ म्हणजे ६, त्याचे ८५ टक्के म्हणजे ५.१ टीबी. तुमचा आत्ताचा डेटाच त्याच्या जवळपास आहे. सेफमध्ये चौथा नोड आधी सुरक्षितता वाढवतो, जागा नंतर. त्यात प्रत्येक ओएसडीला (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या प्रोसेसला) डीफॉल्ट ४ जीबी रॅमचं लक्ष्य असतं. सहा डिस्कच्या नोडवर २४ जीबी व्हीएमच्या वाट्यातून गेले.

तरीही दोन-तीन वर्षांचा विचार केला तर माझा कल तिकडेच आहे, आणि कारण तांत्रिकापेक्षा व्यावहारिक आहे. रेड हॅटने आपल्या ग्लस्टर स्टोरेज उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमूने ९.२ आवृत्तीत ग्लस्टरचा थेट ड्रायव्हर कालबाह्य ठरवला आणि ओव्हर्टसारख्याच प्रॉक्समॉक्सच्या ९ व्या आवृत्तीमधून ग्लस्टरचा आधार काढला गेला. ओव्हर्ट साधारणपणे ग्लस्टर फ्यूजमधून (साध्या फोल्डरसारखं) माउंट करून वापरतं, त्यामुळे तुमचं उद्या काही बंद पडणार नाही. पण आज आणखी दोन सर्व्हर घेऊन सहा नोडचा ग्लस्टर बांधणं म्हणजे ज्या रस्त्यावरची वर्दळ कमी होत चाललीय त्यावर नवं दुकान टाकणं. आहे ते जपा, गरजेपुरतं वाढवा, मोठा पैसा पुढच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवा.

आता चौथा सर्व्हर. प्रश्नात बॅकअपचा उल्लेखच नाही, आणि माझ्या अनुभवात उल्लेख नसणं म्हणजे बहुधा बॅकअप त्याच क्लस्टरवरच्या एका व्हीएममध्ये जातो. तसं असेल तर माझं उत्तर बदलतं. तीन प्रती तुम्हाला डिस्क आणि नोड जाण्यापासून वाचवतात. रॅन्समवेअरने कुलूप लावलेली फाइल मात्र तिन्ही ठिकाणी त्याच तत्परतेने कुलूपबंद होते. अशा वेळी चौथा सर्व्हर ग्लस्टरमधून पूर्ण बाहेर काढा, स्टोरेज नेटवर्कपासून तोडा, वेगळ्या लॉगिनने, जमलं तर दुसऱ्या शेडमध्ये ठेवा आणि त्याला फक्त बॅकअप सर्व्हर करा. जागा तिसऱ्या वाटेने, तिन्ही जुन्या नोडच्या रिकाम्या बेमधून वाढवा. बॅकअप आधीच वेगळ्या यंत्रावर असेल तर वर सांगितलेला ‘डेटा-२’ आर्बिटर व्हॉल्यूम करा.

डिस्कचं कोटेशन मागवण्याआधी प्रत्येक जुन्या नोडमध्ये नेमके किती बे रिकामे आहेत, ब्रिकखाली थिन पूल आहे की साधी एलव्हीएम, आणि रेड (RAID) कंट्रोलर, म्हणजे डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, बॅटरीसकट कॅश वापरतोय का, हे तीन तपशील काढा. बे तिन्ही नोडमध्ये पुरेसे नसतील तर तिसरी वाट आपोआप बाद होते आणि वेंडरशी बोलणं एकाच नोडच्या डिस्कचं राहतं.